तलावपाळीवर मुलगा पाहायला

बाबांना आम्ही सांगितलं होतं की आत्याचे डोळे दाखवायला गोंदियाला जातोय. ते खोटं होतं. आत्याचे डोळे चांगले होते, सुईत दोरा ती माझ्याआधी ओवायची. आम्ही निघालो होतो मुलगा पाहायला. त्याच्याकडचे लोक पुढच्या रविवारी मला पाहायला येणार होते. त्यांच्याआधी त्याला पाहून यायचं, आणि तेही त्याला कळू न देता, असं आत्याने ठरवलं होतं.

हे २००४ सालच्या माघातलं. माझं डी.एड. झालं होतं, नोकरी लागायची होती. सालेकशापासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात मी अंगणवाडीच्या खोलीत दुपारी मुलांना शिकवत होते. स्थळ मध्यस्थाने आणलं होतं. मुलगा आपल्याच समाजाचा, गोंदियात तलावाच्या पाळीवर त्याचं जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान, घरी आई आणि थोरला भाऊ. पोरगा सुपारीच्या खांडालाही हात लावत नाही, असं मध्यस्थाने बाबांना सांगितलं. बाबांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. रविवारचं पाहणं म्हणजे नुसती रीत उरली होती.

ताईच्या वेळीही सुपारीचंच बोलणं झालं होतं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी तिचा नवरा पिऊन घरी आला होता, हे तिने आम्हाला तीन वर्षांनी सांगितलं. मागच्या पोळ्याला ती कायमची परत आली तेव्हा तिचा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता आणि एका कानाने कमी ऐकू येत होतं. बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. राग तिच्यावर नव्हता, ज्या तोंडाने तिचा शब्द दिला त्या स्वतःच्याच तोंडाला ते घाबरत होते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की ताई अंगणात आली की बाबा धानाच्या बांदीकडे निघून जातात.

आत्या बाबांची मोठी बहीण. ऐन तिशीत विधवा झालेली, तेंदूपत्त्याच्या दिवसांत पानं मोजतात त्या फडीवर मुकादमाशी भांडणारी. ती मला विहिरीवर म्हणाली, "तुया बापानं एकदा डोळे मिटून पोरगी देली. या बारीला मी पाहीन. आन तूबी पाहाय."

आईला सगळं ठाऊक होतं. तिने तांदळाच्या भाकरी आणि टमाटरची चटणी फडक्यात बांधून दिली. ताईही दारात उभी होती. 

एक अडचण होती. माझा फोटो मध्यस्थाने आधीच त्यांच्या घरी दिला होता, आमगावच्या स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर काढलेला. म्हणजे मी त्याला ओळखू शकत होते तसा तोही मला ओळखू शकत होता. म्हणून आत्याने मला तिचं जुनं सुती लुगडं नेसवलं, पदर कपाळापर्यंत ओढायला लावला आणि सांगितलं की दिवसभर मान वर करायची नाही. त्याचा पासपोर्ट फोटो मी पोलक्यात ठेवला होता.

सकाळची पॅसेंजर कचारगडच्या जत्रेतून परतणाऱ्या लोकांनी भरलेली होती. पिवळे झेंडे, डोक्यावर बोचकी, गोंडीतलं बोलणं. आम्ही दाराजवळ पोत्यावर टेकलो. आमगाव स्टेशन आलं आणि आत्याने माझं डोकं धरून तिच्या मांडीवर दाबलं. मला वाटलं तिला घेरी आली. ती कानाशी पुटपुटली, "उठू नको. तो चढून राहिला."

मध्यस्थ आमच्याच डब्यात चढला होता. मधे दहा-बारा माणसं होती. मी मांडीवर तोंड खुपसून पडून राहिले, आत्या स्वतःच्या तोंडावर पदर ओढून मला थोपटत राहिली, जशी काही माझी तब्येत बिघडली होती. शेजारच्या एका बाईने विचारलंही, पोरीला काय झालं म्हणून. आत्याने सांगितलं, गाडी लागते. गोंदियापर्यंतची ती अर्ध्या-पाऊण तासाची वाट मी आयुष्यात विसरले नाही. त्याने पाहिलं असतं तर बाबांकडे दुपारच्या आत निरोप गेला असता, आणि बाबांनी दिलेला शब्द आम्ही चोरून तपासतोय हे सगळ्या समाजात पसरलं असतं.

गोंदियाला आम्ही सगळ्यांच्या शेवटी उतरलो. मध्यस्थ पुलाच्या पायऱ्या चढून गेला तोवर नळावर तोंड धुत बसलो. मग चालत निघालो.

तलावाकडचा बाजार मी त्याआधी पाहिला नव्हता. कपड्यांच्या आणि भांड्यांच्या गल्ल्या ओलांडल्या की रस्ता उतरत जातो, बोलणं मराठीतून हिंदीत जातं आणि माशांचा वास येऊ लागतो. मग एकदम पाणी दिसतं. तलावाच्या एका बाजूला दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर ओल्या टोपल्यांतले मासे विकणाऱ्या ढिवरांच्या बाया, त्यांच्यामागे पाळीवर दुकानांची रांग. शिंगाड्यांचे हिरवे-काळे ढीग, सुक्या मासळीची पोती, बुरडांच्या टोपल्या आणि सूप, मडकी, आणि शेवटी जाळ्यांची दोन-तीन दुकानं. पाळीवरून वाळत घातलेली जाळी खाली पायऱ्यांपर्यंत लोंबत होती.

आत्याचा बेत होता की आधी आजूबाजूला विचारायचं, दुकान शेवटी पाहायचं. पण पाळीवर पाय ठेवतो तोच मध्यस्थ पुन्हा दिसला. तो जाळ्यांच्या मधल्या दुकानासमोर उभा होता आणि आतल्या माणसाशी बोलत होता. आम्ही मडक्यांच्या राशीआड झालो. मी पदराच्या फटीतून पाहिलं. आतला माणूस तोच होता. फोटोतल्यापेक्षा बारीक, हातात सुतळीचा गुंडा. मध्यस्थ काहीतरी समजावत होता आणि तो सारखा नाही म्हणून मान हलवत होता. शेवटी मध्यस्थाने त्याच्या पाठीवर थाप मारली, आजूबाजूला पाहिलं आणि खालच्या आवाजात काहीतरी सांगितलं. त्याने गुंडा फळीवर टाकला आणि आत निघून गेला.

"काहीतरी लपवून राहिले दोघं," आत्या म्हणाली.

मध्यस्थ काही तिथून हलेना. तो शेजारच्या दुकानात बसला, चहा मागवला. त्यामुळे आम्हाला त्या बाजूला जाता येईना आणि निघूनही जाता येईना. तीन तास आम्ही तो सगळा बाजार पालथा घातला. आत्या शिंगाडे चाखायची आणि घ्यायची नाही. सूप वाजवून पाहायची. मी तिच्या मागे मान खाली घालून, लोकांच्या चपला आणि ओल्या दगडांवरचे माशांचे खवले पाहत. ऊन चढलं तसा वास वाढला. एका बोळात बिडीच्या पानांची गोदामं होती, तिथे आत्याला जरा बरं वाटलं. तो वास तिच्या ओळखीचा होता. पण दर थोड्या वेळाने ती पाळीकडे जाऊन डोकवायची आणि परत येऊन सांगायची की तो अजून बसलाच आहे.

विचारपूस तिने तेवढ्यातच केली. आधी पाळीच्या दुसऱ्या टोकाच्या चहावाल्याकडे. तो हिंदी बोलणारा, चहा गाळता गाळता आत्याच्या मोडक्या हिंदीला उत्तरं देत होता. आत्याने सांगितलं की आमच्या गावच्या ढिवरांना जाळी घ्यायची आहेत, मधल्या दुकानाचा माणूस कसा आहे. चहावाला म्हणाला, माल चांगला देतो, फसवत नाही, आवाज चढवत नाही. आत्याचा चेहरा सैल झाला. मग तो पुढे म्हणाला, "लड़का सीधा है। बस कभी-कभी गिर पड़ता है।"

आत्याच्या हातातला कप थांबला. तिने विचारलं, पडतो म्हणजे. चहावाल्याने एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला आपण जास्त बोलून गेलो असं वाटलं असावं.

आम्ही उठलो. आत्याने माझं मनगट पकडलं होतं आणि ते सोडलं नाही. बुरडांच्या दुकानात एक म्हातारी बांबूच्या कांबी सोलत बसली होती, तिला आत्याने आडवळण न घेता विचारलं. म्हातारी म्हणाली की हो, दोनदा पाहिलं तिने, एकदा तर भर सकाळी, पाळीवरच आडवा झाला होता, थोरल्या भावाने उचलून नेला. त्याच्या घरचे त्याबद्दल बोलू देत नाहीत.

"भर सकाळी," आत्या बोळात आल्यावर म्हणाली. "तुया ताईचा नवरा तरी संध्याकाळी प्यायचा."

 मला ताईचा हात दिसत होता, भाकर थापताना बाजूला वाकडा राहणारा. मी आत्याला म्हटलं, चल, घरी जाऊ, झालं पाहून. पण आत्या म्हणाली की बाबा ऐकीव गोष्ट ऐकणार नाहीत, मध्यस्थ आला की पुन्हा त्याचंच खरं होईल. तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. "त्याच्या तोंडाचा वास घेतल्याबिगर मी जात नाही," ती म्हणाली, आणि ते ती अगदी गंभीरपणे म्हणाली.

मी मानलं. पण त्या क्षणी मला तिचाही राग आला होता, बाबांचाही, आणि ज्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते त्या माणसाचाही.

दुपार कलल्यावर मध्यस्थ उठला आणि स्टेशनच्या रस्त्याने गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही थांबलो. मग पायऱ्यांवर, जाळ्यांच्या मधल्या दुकानाच्या बरोबर खाली, जाऊन बसलो. आत्याने फडकं सोडलं.  एका ढिवर बाईच्या शेजारी आम्ही बसलो होतो, तिची टोपली बहुतेक रिकामी झाली होती. आत्या तिच्याशी पावसापाण्याचं बोलत होती आणि नजर वर दुकानाकडे होती.

तो बाहेर आला. खांद्यावर जाळ्याचा मोठा भारा. खाली पाण्यात एका डोंग्यात, लहान होडीत, एक म्हातारा ढिवर वाट पाहत होता, त्याला ते जाळं पाण्यात टाकून दाखवायचं होतं. तो आमच्यापासून चार-पाच हातांवरून पायऱ्या उतरला. मी मान खाली घातली. त्याचे पाय दिसले, स्वच्छ, चालणं सरळ. मला आठवतं, मी मनात म्हटलं की हा प्यालेला नाही.

शेवटून दुसऱ्या पायरीवर तो थांबला. डोकं एका बाजूला वळलं, जशी कुणी हाक मारली. तोंडातून एक आवाज निघाला, हाक नव्हती ती, आतून दाबून बाहेर पडलेला श्वास होता. मग सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं आणि तो जाळ्यासकट पाण्यात पालथा पडला.

तिथे पाणी गुडघाभरही नव्हतं. पण तोंड खाली होतं.

आत्या ओरडली, "पाहाय, पाहाय, प्यायला." आजूबाजूचे लोक उभे राहिले. मी कधी उठले ते मला माहीत नाही. ढिवर बाईने त्याचा शर्ट मागून पकडला होता, मी काखेत हात घातला आणि आम्ही दोघींनी त्याला पायरीवर ओढलं. जाळं त्याच्या पायांत अडकलं होतं. त्याचे हात-पाय आता झटके देत होते, दात मिटलेले, डोळे वर गेलेले, ओठांच्या कडेला फेस.

मी हे आधी पाहिलं होतं. भंडाऱ्याला डी.एड.च्या वसतिगृहात माझ्या खोलीत एक मुलगी होती, तिला असे झटके यायचे. तिच्या आईने आम्हाला शिकवून ठेवलं होतं. तिच्या आईचे ते हात आठवले आणि मी तेच केलं. त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी बाहेर जाऊ दिलं, डोक्याखाली माझा पदर दुमडून ठेवला, शर्टाची वरची गुंडी सोडली. लोक जमले. कुणी म्हणालं जोडा हुंगवा, एकाने चप्पल काढून आणलीही. कुणी म्हणालं दातांत चमचा घाला. मी त्या चप्पलवाल्याचा हात ढकलला आणि म्हणाले, "कोणी हात लावू नका. मिरगी आहे. थांबेल."

माझा पदर त्याच्या डोक्याखाली होता. माझं तोंड उघडं होतं, भर बाजारात, आणि मला त्याचं भान नव्हतं.

ते बहुतेक दोन मिनिटं चाललं असेल. मला ती दुपारभर वाटली. पाणी पायरीला लागत होतं आणि त्याच्या श्वासाची घरघर मी मोजल्यासारखी ऐकत होते, कधी थांबते, पुन्हा कधी सुरू होते. मग झटके विरळ झाले, अंग सैल पडलं, श्वास लांब झाला. आत्या तेवढ्यात खाली बसली, त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि खोल श्वास घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दारू नाही." तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

चहावाला धावत आला होता. त्याने आणि म्हाताऱ्या ढिवराने त्याला उचलून दुकानात नेलं, सुतळीच्या गठ्ठ्यांवर निजवलं. आम्ही निघून जायला हवं होतं. काम झालं होतं. पण मी दुकानाच्या फळीवर बसले. आत्याही बसली.

तो जागा झाला तेव्हा त्याला काही कळत नव्हतं. त्याने ओल्या कपड्यांकडे पाहिलं, मग छताकडे. चहावाल्याने पाणी दिलं. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि थांबली. मी पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"तुम्ही आमगावच्या फोटोतल्या," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्याच्याकडेही आणि माझ्याकडेही. चहावाला उठून बाहेर गेला.

तो उठून गठ्ठ्यांना टेकून बसला. मग हळूहळू, जीभ जड असल्यासारखा, त्याने सांगितलं. सहावीत असताना मिरगी पहिल्यांदा आली होती. औषध चालू आहे, पण थोरला भाऊ म्हणतो की गोळ्या लोकांच्या नजरेत येतात, म्हणून मधे मधे बंद होतात, आणि मग असं होतं. गेल्या आठवड्यापासून बंदच होत्या, रविवारी आमच्या घरी यायचं होतं म्हणून. आज सकाळी मध्यस्थ आला होता तो हेच पक्कं करायला, की मुलीकडे कुणी काही बोलायचं नाही. लग्न झालं की आपोआप बरं होतं, असं मध्यस्थाचं म्हणणं.

"मी त्याला सांगतलं होतं, आधी सांगा," तो म्हणाला. "दादालेबी सांगतलं."

मी विचारलं, "मग तुम्ही स्वतः काऊन नाही आले सांगायला?"

त्याने खाली पाहिलं. "भेव वाटत होता," तो म्हणाला. "दोन जागी सांगतलं होतं. दोन्ही मोडल्या."

 आत्याने फडक्यातली उरलेली भाकर काढली आणि त्याच्या हातात दिली. तो ती खाऊ लागला. आम्ही उठलो.

परतीच्या गाडीत आत्या म्हणाली की पोरगा खरा आहे, पण अशा घरात पोरगी द्यायची नाही.  माझ्या लुगड्याला तलावाच्या पाण्याचा वास येत होता. मला भीती वाटत होती, आणि ती रविवारची नव्हती. मला त्याचा विचार सोडवत नव्हता, याची होती.

बाबांना आम्ही लगेच काही सांगितलं नाही. रविवारपर्यंत कसं सांगायचं ते ठरवू, असं आत्या म्हणाली. पण गुरुवारीच, दुपारच्या सुमारास, तो एकटा आमच्या अंगणात उभा राहिला. सालेकशाहून चालत आला होता. सायकल तो चालवत नसे, का ते आता मला माहीत होतं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत डॉक्टरचे कागद.

बाबांनी बाज टाकली. त्याने बसण्याआधीच सांगून टाकलं, आजार, औषध, मध्यस्थाचं बोलणं, सगळं. आणि मग तलावावरचंही, कारण त्याला वाटलं आम्ही घरी सांगितलंच असेल. बाबांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं आता ते त्याला हाकलतील आणि मग आमच्याकडे वळतील. त्यांच्या मानेची शीर उडत होती.

"डोळे दाखवायले गेल्या होत्या तुम्ही," ते आत्याला म्हणाले. एवढंच. त्यानंतर ते आत्याशी पुढचा पावसाळा सरेपर्यंत बोलले नाहीत.

 ताई ओसरीच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. बाबा तिच्याकडे वळले. पाच-सहा महिन्यांत त्यांनी तिला सरळ काही विचारलं नव्हतं.

"तू काय म्हनतेस?" त्यांनी विचारलं.

ताईने सूप खाली ठेवलं. तिला नीट ऐकू आलं की नाही अशी मला शंका आली. मग तिने त्याच्याकडे नाही, बाबांकडे पाहून विचारलं, "नुसता पडते ना, बाबा? मारत तर नाही?"

बाबा उठले आणि घरामागच्या बाडीत गेले. आई त्यांच्या मागे गेली. बराच वेळ ते आले नाहीत. तो बाजेच्या काठावर बसून होता, पिशवी मांडीवर. मी त्याला पाणी दिलं. 

परत आले तेव्हा बाबांनी तोंड धुतलेलं होतं. ते मला म्हणाले, तुझं काय ते तू सांग. मी म्हटलं, मला आधी डॉक्टरला भेटायचं आहे. आणि याने आजपासून गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, लोकांना दिसोत की न दिसोत. तो हो म्हणाला.

डॉक्टरला आम्ही पुढच्या आठवड्यात भेटलो, बाबा, तो आणि मी. डॉक्टर घाईत होते, पण नीट बोलले. गोळ्या बहुतेक आयुष्यभर लागतील, आग आणि पाणी यांच्याजवळ एकटं राहायचं नाही, जागरण टाळायचं. लग्न करता येतं, मुलं होतात, पण लग्नाने हे बरं होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाबांनी बाहेर आल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

वैशाखात आमच्या अंगणात लग्न झालं. मध्यस्थ आला नाही. थोरला भाऊ आला, पण जेवला नाही. मी पाळीवरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. पहिला झटका माझ्यासमोर आला तो ज्येष्ठात, गोळ्या नियमित असूनही. मला सगळं माहीत होतं तरी मला त्याच्या शर्टाची गुंडी सुटेना. त्या रात्री मी आईला फोन करून रडले. नंतर झटके कमी झाले. वर्षात एखादा, मग दोन-दोन वर्षं नाही. मी मात्र अजूनही तो पायऱ्यांकडे निघाला की हातातलं काम टाकून मागे जाते, आणि त्याला ते आवडत नाही, आणि यावरून आमचं भांडण होतं.

लग्नानंतरच्या हिवाळ्यात ताई आमच्याकडे महिनाभर राहायला आली. पायऱ्यांवरच्या त्या ढिवर बाईकडून ती जाळं विणायला शिकली. वाकडा हात तिला त्यात आडवा आला नाही, उलट गाठ मारताना कोपर शरीराशी धरायचं असतं. महिन्याचे सहा महिने झाले. आता तिची स्वतःची दुकानाची फळी आहे, आमच्या दुकानापासून तिसरी, आणि मोठ्या तलावांतल्या मासेमारीचे ठेकेदार जाळ्यांसाठी आधी तिच्याकडे जातात.